पिवळी रेघ

माझ्या बापाने पिवळ्या रंगाची बाटली जावयाच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून माझ्या अंगी अन्न लागेनासं झालं.

बाटली म्हणजे काय, तर आईच्या नेलपॉलिशची रिकामी बाटली. आई जाण्याच्याही किती तरी आधीपासून ती बाबांच्या हत्यारांच्या पेटीत होती. टोपणाला आतून बारीक ब्रश आणि आत पिवळा ऑइलपेंट. बाबांनी चाळीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त केल्या आणि चाळीस वर्षं एक नियम पाळला. नट पुरता आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक पिवळी रेघ ओढायची. पुढे कधी नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, लगेच कळतं. पण त्यांच्या गॅरेजात रेघेचा अर्थ तेवढाच नव्हता. रेघ म्हणजे ह्या नटाची जबाबदारी माझी. रेघ मारलेल्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही, तपासायचा नाही, शंका काढायची नाही. आणि रेघ मारायची ती फक्त बाबांनी.

मी त्या गॅरेजात सात वर्षं काम केलं. नट मी आवळायचा, मग बाबांनी येऊन स्वतः पाना लावून बघायचा, मग रेघ त्यांनी मारायची. सात वर्षांत त्या बाटलीचं टोपण एकदाही माझ्या हाताने उघडलं नाही. कारण सोळाव्या वर्षी मी त्यांच्या स्वतःच्या मोटारसायकलीच्या इंजिनाचा एक बोल्ट आवळता आवळता मोडला होता. मोडला तो मोडला, अर्धा आतच राहिला. तो काढायला त्यांचे दोन दिवस गेले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि एवढंच म्हणाले, "तुझा हात जड आहे."

झालं. लोकांना टोपणनाव चिकटतं तसं मला हे वाक्य चिकटलं. पुढे मी बस डेपोत लागलो. तिथे चाकाचे नट माझ्या मुठीएवढे असतात आणि जड हाताच्या माणसाला मान असतो. आज मी तिथला हेड फिटर आहे, हाताखाली अकरा जण आहेत. पण बाबांच्या त्या मोटारसायकलीला गेल्या तीस वर्षांत मी फडक्याने पुसण्यापलीकडे हात लावलेला नाही.

आणि आता जावई.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवतो, म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणतात. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. हळू बोलतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अक्षर असं काढतो की माणूस पाटी वाचायला नाही, बघायला थांबतो. त्याचं आणि धाकटीचं घर बाबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. माझं शहराच्या दुसऱ्या टोकाला, डेपोजवळ. मी सुट्टीच्या दिवशी तासभर जाणार, तो रोज उठून जाणार. शर्यत सुरू व्हायच्या आधीच मी मागे.

बाबांची मोटारसायकल नऊ वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली होती. दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं होतं, "बाबा, मला द्या ती, मी उभी करतो." ते म्हणाले, "राहू दे. आहे तिथे बरी आहे." पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. पुढचं मला पाठ होतं.

आणि एका सुट्टीला जाऊन बघतो तर ताडपत्री दोरीवर वाळतेय, मोटारसायकल उघडी, आणि पेंटर गुडघ्यावर बसून तिचा मागचा मडगार्ड काढतोय. बाबा शेजारी स्टुलावर. जॅकेटच्या दोन्ही खिशांत हात घालून, एखाद्या बड्या साहेबासारखे.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कॅफे रेसर करतोय, दादा," पेंटर म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे जुन्या गाडीचं जादाचं सगळं काढून टाकायचं. मडगार्ड, कॅरिअर, लेग गार्ड. हँडल खाली आणायचं, पाय ठेवायच्या दांड्या मागे न्यायच्या, टाकीवर ओणवं होऊन चालवायची. मागे एकट्यापुरती सीट, शेवटी असा उंचवटा." त्याने हवेत बोटाने एक वळण काढलं. ते वळणसुद्धा झकास होतं.

"एकट्यापुरती? मग मागे कुणी बसायचं नाही?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले आणि चक्क हसले. "ऐकलंस का, जावईबापू म्हणतात गाडी निम्मी हलकी होईल."

तो जावईबापू आणि मी अरे. ते तुम्ही, मी तू. रीतच आहे तशी, मला मान्य आहे. पण त्या दिवशी ती रीत माझ्या नाकाला झोंबली. त्या मागच्या सीटवर आई बसायची, तिच्या आणि बाबांच्या मध्ये धाकटी, आणि मी पुढे टाकीवर, बाबांच्या दोन हातांच्या मधोमध. आमचं अख्खं घर त्या सीटवर मावायचं. आणि हा पाट्या रंगवणारा ती कापून एकट्यापुरती करणार, आणि माझा बाप हसणार.

"इंजिनाला हात लावणार?" मी विचारलं.

"बाबा सांगतील तसं," पेंटर म्हणाला. आणि मग मला दिसलं की त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी नेलपॉलिशची ती बाटली आहे.

मी तिथे फार वेळ थांबलो नाही. चहासुद्धा अर्धा टाकला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे मी साधंच सांगत होतो, पण आवाज चढत गेला असावा. ती कणीक मळता मळता थांबली, नाक वर करून हवेत हुंगली आणि म्हणाली, "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय. गॅस तर बंद आहे."

"चेष्टा करू नकोस."

"मग काय करू? वडिलांची गाडी, वडिलांची बाटली. त्यांनी ती धोब्याला दिली असती तरी तुम्ही काय करणार होतात?"

धोब्याला दिली असती तर चाललं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. धोबी त्यांना बाबा म्हणत नाही.

त्यानंतरचे तीन महिने मी दर सुट्टीला गेलो. आधी कधी एखादी सुट्टी बुडायची, आता एकही बुडेना. बायको म्हणाली, "बघा, जळण्याचेही फायदे असतात." गेल्यावर काही ना काही बदललेलं दिसायचं आणि प्रत्येक बदलाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चासीचा मागचा भाग कापून तिथे नळीची अर्धगोल कमान वेल्डिंग करून बसवली. हँडल गेलं आणि त्या जागी दोन आखूड मुठी आल्या. टाकीचे थर खरवडून खालचं लोखंड उघडं पडलं. पॉलिश पेपरने पेंटर ती तासन् तास घासायचा, आधी कोरडी, मग पाणी लावून, आणि मध्ये मध्ये डोळे मिटून तळहात फिरवायचा. मला वाटायचं, घास लेका, घास. माझ्या बापाची टाकी आहे, तुझ्या सासऱ्याची नाही. आणि मग लक्षात यायचं की दोन्ही एकच.

सगळ्यात जास्त काय खुपायचं सांगू? मी शेडच्या दारात दिसलो की काम थांबायचं. आत हसणं ऐकू यायचं, पान्याचा आवाज यायचा, आणि मी आत पाय टाकला की बाबा पाना खाली ठेवून हात खिशात घालायचे. पेंटर उठून माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहायचा. "या दादा, बसा." जणू मी पाहुणा. ज्या शेडचे पत्रे मी बाबांबरोबर छतावर चढून ठोकले, त्या शेडमध्ये मला बसा म्हणणारा हा कोण?

एकदा मी ठरवलं, आपणही काहीतरी द्यायचं. पाय ठेवायच्या दांड्या मागे न्यायला दोन जाड पट्ट्या लागतात, ब्रॅकेट म्हणतात त्याला. डेपोतल्या लेथवाल्याला गळ घालून मी चांगल्या स्टीलच्या दोन करून घेतल्या. कडा स्वतः कानशीने गोल केल्या, अगदी हलक्या हाताने, चार दिवस जेवणाच्या सुट्टीत. फडक्यात गुंडाळून बाबांपुढे धरल्या.

त्यांनी त्या घेतल्या नाहीत. हात खिशातच. पुडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठेव तिथे."

"बघा तरी उघडून."

"बघतो नंतर. ठेव."

मी पुडकं बाकावर ठेवलं. डेपोतला शिकाऊसुद्धा हातात दिलेली वस्तू उघडून बघतो. बसमध्ये बसून घरी येताना माझे डोळे भरून आले, आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस खिडकीबाहेर बघत राहिलो.

आणखी एकदा मला डेपोतून लवकर सुटका मिळाली म्हणून दिवेलागणीच्या सुमारास गेलो. बाबा आत रेडिओ लावून बसले होते. मागे शेडमध्ये पेंटर एकटाच. तो एकेका नटावरची पिवळी रेघ थिनरच्या बोळ्याने पुसत होता आणि पाना लावून झाला की नवी ओढत होता. ओठ घट्ट मिटलेले, श्वास रोखलेला. एक झाली की मान मागे घेऊन बघायचा. रेघ अशी की पट्टी ठेवून मारावी. अगदी बाबांच्या रेघेसारखी, तेवढीच लांब, तेवढीच बारीक.

मी दारातूनच परत फिरलो. म्हटलं, बघा हा थाट. बाबांची रेघ ह्याला पुरेशी सुबक वाटत नाही. रेघेचीसुद्धा पाटी करून टाकली. त्या रात्री मी बायकोशी बोललोच नाही. तिने ते सुट्टीसारखं उपभोगलं.

शेवटी गाडी तयार झाली. पहिल्यांदा चालू करायची म्हणून सगळ्यांना सकाळी बोलावलं होतं. बायको म्हणाली, "मी मागून येते. तुम्ही पुढे जा, नाहीतर दोष काढायला वेळ पुरायचा नाही." तिला माझं सगळं कळतं, हा माझ्या संसारातला मोठा त्रास आहे.

मी पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. बाबा आत दाढी करत होते. "जावईबापू सात वाजताच त्यांच्या घरून निघाले," ते आतूनच म्हणाले. "टेलरकडून सीट घेऊन मग धाकटीला आणणार आहेत. ब्रेकचं जरा राहिलं होतं, तेवढं झालं सकाळी. तू बघ जाऊन गाडी."

शेडमध्ये मी आणि ती, दोघंच. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. काळीभोर टाकी, तिच्यावर पिवळ्या रंगाची एकच बारीक पट्टी, सायलेन्सरला गुंडाळलेलं कापड, पुढे वाकलेली मान. धावायला निघालेल्या पोरासारखी. पाय ठेवायच्या दांड्यांकडे बघितलं तर खाली माझ्या दोन पट्ट्या बसवलेल्या. कुणी मला सांगितलंही नव्हतं. एक क्षण छाती भरून आली, आणि मग दिसलं की त्यांच्या नटांवर रेघा आहेत. सरळ, सुबक. पट्ट्या माझ्या आणि रेघ त्याची. भरलेली छाती तिथेच जळायला लागली.

मी दोष शोधायला लागलो. दुसरा शब्द नाही. पुढून मागे, खालून वर, एकेक नट. सगळे घट्ट. मग मागच्या चाकापाशी बसलो. जुन्या गाडीच्या मागच्या ब्रेकची एक वाटोळी प्लेट असते आणि ती चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. पट्टीच्या टोकाला एकच बोल्ट. तो निसटला तर ब्रेक दाबल्याबरोबर प्लेट गरकन फिरते, चाक जाम होतं आणि माणूस रस्त्यावर फेकला जातो. आमच्या धंद्यात हा बोल्ट कुणी विसरत नाही.

त्या बोल्टाच्या नटावर रेघ होती. पण वाकडी. नागमोडी गेलेली, आणि शेवटी रंगाचा एक ठिपका ओघळलेला. मी बोटांनी नट धरून बघितला आणि तो फिरला. नुसत्या बोटांनी.

सापडलास, मी मनात म्हटलं. पाट्या रंगवतोस आणि साधी रेघ सरळ येत नाही? आधी रेघ मारून ठेवलीस आणि आवळायला विसरलास!

पाना हाताशी पडला होता. दोन वेढे दिले असते तर विषय संपला असता. मी दिले नाहीत. उलट नट हळूच मागे फिरवून रेघेला रेघ जुळवून ठेवली, सापडली तशी. मला मेहुण्याचा जीव घ्यायचा नव्हता, देवाशपथ नाही. मला फक्त चारचौघांत त्याची मान खाली गेलेली बघायची होती. तो गाडीवर टांग टाकेल, सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत असतील, आणि मी सावकाश म्हणेन, जरा थांबा पेंटर, हा नट बघा. मग बाबा बघतील. मग ती बाटली त्याच्या खिशातून निघेल. आणि रेघेचा नियमही माझ्याच बाजूने होता, रेघ मारलेल्या नटाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. मी हात धुतले आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळाने सगळे जमले. पेंटर आणि धाकटी आले, बरोबर टेलर. सीट त्याने शिवली होती आणि ती बसवताना त्याला स्वतः हजर राहायचं होतं. बायको आली, माझा चेहरा बघून म्हणाली, "काय हो, खुशीत दिसताय? घाबरले मी." सीट बसली. गाडी ढकलून अंगणात आणली. पेंटरने किक मारली, एक, दोन, आणि तिसऱ्या किकला नऊ वर्षांची झोप मोडून ती अशी गरजली की टेलरने कानांवर हात ठेवले. धाकटी रडायलाच लागली. तो आवाज मी टाकीवर बसून ऐकलेला होता. पण मी वाट बघत होतो, पेंटरने टांग टाकायची.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. "सरका जावईबापू. आधी मी."

"बाबा, मी एक चक्कर मारून बघतो ना आधी," पेंटर म्हणाला. "सकाळपासून मी एकदाही सगळं बघितलेलं नाही..."

"बघायचं काय त्यात? गाडी कुणाची आहे?"

आणि माझा चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप त्या एकट्याच्या सीटवर बसला, पुढे वाकला, दोन्ही मुठी धरल्या आणि गिअर टाकला.

फाटकाबाहेर उतार आहे. उताराच्या तळाशी मोठा रस्ता. म्हणजे पन्नास पावलांवर त्यांना ब्रेक दाबावाच लागणार होता.

सबंध सकाळ जे वाक्य घोटून ठेवलं होतं ते जागेवर नव्हतं. मी नुसता धावलो. फाटकात गाडी वळायला जराशी हळू झाली, तेवढ्यात मी आडवा गेलो, एका हाताने बाबांच्या जॅकेटाला धरलं आणि दुसऱ्याने खाली इंजिनाच्या प्लगची टोपी खेचून काढली. खांद्यापर्यंत सणसणीत झटका बसला. गाडी आचका देऊन बंद पडली. आम्ही तिघं, ती, बाबा आणि मी, फाटकाच्या खांबाला टेकून उभे राहिलो.

"डोकं फिरलं का तुझं?" बाबा ओरडले. बोल्ट मोडला तेव्हा ओरडले नव्हते, ते आत्ता ओरडले.

सगळे धावत आले. आणि मग माझा आवाज परत आला, सगळ्या विषासकट. "मागच्या ब्रेकचा नट बघा! रेघ मारलीय आणि बोटाने फिरतोय! विचारा ह्यांना! बाटली खिशात घेऊन हिंडतात ना?"

पेंटर चाकापाशी बसला. नटाला हात लावला. रेघेकडे बघितलं, बराच वेळ. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. एक ओझरती नजर बाबांकडे टाकली आणि ती लगेच काढून घेतली.

"चुकलं माझं, दादा," तो म्हणाला. "सकाळी घाईत राहिलं."

तीन महिने मी ह्याच शब्दांची वाट बघत होतो. चारचौघांत, मान खाली घालून, जसं हवं होतं तसंच. पण त्यातला एक शब्द खटकला. सकाळी? सकाळी हा इथे नव्हताच. सात वाजता स्वतःच्या घरून परस्पर टेलरकडे गेला होता. सकाळी शेडमध्ये फक्त बाबा होते. ब्रेकचं जरा राहिलं होतं, तेवढं झालं, असं तेच म्हणाले होते.

मी बाबांकडे बघितलं. ते गाडीवरून उतरले होते आणि त्यांचे हात पुन्हा खिशात गेले होते. जॅकेटाचा उजवा खिसा आतून हलत होता. बारीक, सारखा, थांबतच नव्हता.

मग सगळं एकदम कळलं. पुडकं का घेतलं नाही ते. मी आलो की पाना खाली का जायचा ते. पेंटर मध्ये का उभा राहायचा ते. बाबांच्या हाताला आता नट आवळला जात नव्हता आणि रेघही सरळ येत नव्हती. दिवसभर ते आवळायचे, आपली रेघ मारायचे, आणि ते आत गेले की हा माणूस एकेक नट पुन्हा आवळायचा, वाकडी रेघ पुसायचा आणि हुबेहूब त्यांची जुनी रेघ काढून ठेवायचा. सकाळी बाबांना आपलीच रेघ सरळ दिसावी म्हणून. आज एकच नट त्याच्या हातून सुटला होता, कारण आज संध्याकाळ व्हायच्या आधी आम्ही सगळे जमलो होतो.

लाज वाटली, हे तर आहेच. पण लाजेच्याही आधी काय वाटलं ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. हेवाच वाटला. आधीच्यापेक्षा जास्त. बाटलीचं काय घेऊन बसलात, बाबांनी त्याला आपला थरथरणारा हात बघू दिला होता. मला नाही. ज्या पोराला तीस वर्षं जड हाताचा म्हणून बाजूला ठेवलं, त्याच्यासमोर आपल्या हाताला साधा नट जुमानत नाही हे कोणत्या तोंडाने दाखवणार होते ते?

"जावईबापूंची चूक नाही," बाबा हळूच म्हणाले. "तो नट सकाळी..."

"सकाळी मी हात लावला होता त्याला," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. खोटं काहीच नव्हतं त्यात. "मी आलो तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. मी फिरवून बघितला आणि तसाच ठेवला. रेघ मीच बिघडवली." एवढा भाग खोटा होता. "पेंटर, तुमची चूक नाही."

"दादा!" धाकटी किंचाळली. "बाबा मेले असते! तुला लाज वाटते का?"

"वाटते," मी म्हणालो.

टेलर जमिनीकडे बघायला लागला. बायको माझ्याकडे बघत होती आणि पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचत नव्हता. मी पेंटरसाठी जे जे मांडून ठेवलं होतं ते सगळं मला जसंच्या तसं वाढलं गेलं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. तो नट सकाळी कुणी आवळला आणि रेघ कुणाची, हे त्या अंगणात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मग आवळ आता."

पेंटरने पाना आणून दिला. मी खाली बसलो. तीस वर्षांनी त्या गाडीला पाना लावला. बाबा डोक्याशी उभे होते. मी आवळत गेलो आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबलो. ते तपासायला वाकले नाहीत. पेंटरने थिनरच्या बोळ्याने जुनी रेघ पुसली, खिशातून बाटली काढली आणि क्षणभर घोटाळला.

"त्यालाच द्या," बाबा म्हणाले.

टोपण मी पहिल्यांदा उघडलं. घट्ट होतं. ब्रश नटावर टेकवला, पण प्लगच्या झटक्याने म्हणा की कशाने म्हणा, माझा हात ठिकाणावर नव्हता. रेघ वाकडी गेली आणि शेवटी एक ठिपका ओघळला. अगदी मघाच्यासारखी. आज त्या सबंध गाडीवर तेवढी एकच रेघ वाकडी आहे आणि ती माझी आहे, असं सगळे म्हणतात.

बाबा वाकून बघत होते. "हात हलतो रे तुझा," ते म्हणाले.

"हो बाबा."

मग त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि मला उठायला पुढे केला. मी तो धरला, जमेल तितक्या हलक्या हाताने.